उतरलं म्हणेपर्यंत

आमच्या घरात अर्धशिशी उतरवण्याचा गुण होता. गुण म्हणजे नेमकं काय, ते मला आजही सांगता येणार नाही. पण राजेश्वरपासून निर्ण्यापर्यंतच्या गावांत कुणाचं अर्धं डोकं ठणकायला लागलं की तो माणूस आमच्या दारात येऊन बसायचा, एवढं खरं. हा गुण आजोबांकडून अप्पांकडे आला, म्हणजे माझ्या वडिलांकडे. अप्पा एरवी तुरी-ज्वारीचे साधे शेतकरी. बोलणं कमी, राग त्याहून कमी. डोकं उतरवल्याबद्दल कुणाकडून सुपारीचं खांडही घ्यायचं नाही असा दंडक होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

सगळ्या जातींचे, सगळ्या भाषांचे लोक यायचे. कुणी कानडीत कण्हायचा, कुणी उर्दूत. एकदा अमीनसाहेब, म्हणजे आमच्या भागाचे फौजदार, घोड्यावरून आले होते. या माणसाच्या तोंडून शिवीशिवाय शब्द निघत नसे. पण उतरवून घ्यायला येणाऱ्याने दिवस उगवेपर्यंत बोलायचं नाही असा नियम, त्यामुळे साहेब आमच्या ओट्यावर फेट्याने डोकं आवळून, तोंड मिटून बसले होते. त्यांना तसं मुकाट बसलेलं बघायला निम्मं गाव भिंतीआड जमलं. मला वाटतं अप्पांच्या गुणाची कीर्ती त्या दिवशी जितकी वाढली तितकी दहा वर्षांत वाढली नसेल.

रीत अशी होती. दुखणाऱ्याने दिवस उगवायच्या आत, तोंड न धुता यायचं आणि पूर्वेकडे तोंड करून बसायचं. अप्पा त्याच्यापुढे विळ्याच्या टोकाने जमिनीवर सात रेघा ओढायचे, दुखऱ्या जागी तळहात ठेवायचे आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणायचे. सूर्याची कोर वर आली की विचारायचे, “दिस दिसला का?” समोरच्याने म्हणायचं, “दिसला.” मग अप्पा एक रेघ पुसायचे आणि विचारायचे, “उतरलं का?” उतरलं असेल तर “उतरलं” म्हणायचं, म्हणजे काम झालं. नसेल तर “उतरायलंय” म्हणायचं, की अप्पा दुसरी रेघ पुसणार. सातही रेघा पुसल्या तरी उतरलं नाही तर पुन्हा सात रेघा.

आणि समोरचा “उतरलं” म्हणेपर्यंत अप्पांनी पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. या सगळ्यातला मुख्य नियम हाच. दुखणं आधी उतरवणाऱ्याच्या रिकाम्या पोटात येतं आणि मग पहिल्या घासाबरोबर जिरतं, अशी समजूत होती. पोटात आधीच काही असेल तर ते येईल कुठून? त्यामुळे पाण्याचा तांब्या आणि झाकलेली भाकरी अप्पांच्या पाठीमागे उंबऱ्याशी ठेवलेली असायची. मोठ्या माणसांचं डोकं बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या रेघेला उतरायचं. हल्ली मला वाटतं, त्यातली निम्मी डोकी लाजेनेच उतरत असणार. समोर एक माणूस आपल्यासाठी उपाशी बसलाय आणि त्याला शेतावर जायचंय, हे दिसत असताना किती वेळ दुखवत बसणार?

माझी धाकटी बहीण तेव्हा पाच सरून सहाव्या वर्षात होती. मी अकरा वर्षांची. आमच्या मधली दोन भावंडं राहिली नाहीत, म्हणून ती माझ्याच कडेवर वाढली होती. तिकडे कुठेतरी मोठी लढाई चालू होती. आम्हाला त्या लढाईचं एवढंच ठाऊक की रॉकेल मिळत नाही.

तुरी काढायच्या दिवसांत एका सकाळी ती डोकं धरून उठली. “अक्का, मागं दुखायलंय,” म्हणाली आणि मानेच्या वरचा खळगा दाखवला. मग अंगणात जाऊन भडाभडा ओकली. ओकल्यावर थोडा वेळ भिंतीला टेकून बसली आणि तासाभरात भाकरी मागायला लागली. दुपारी बाभळीखाली पोरींबरोबर सागरगोटे खेळत होती. दुसऱ्या दिवशी तेच. उठताना डोकं, मग ओकारी, मग काही झालंच नाही असा चेहरा. मायला आधी जंत वाटले, तिने वावडिंग पाजलं. मग नजर वाटली, तिने मीठ-मोहरी ओवाळली. चौथ्या दिवशी अप्पा म्हणाले, “आण तिला इकडं.”

धाकटी ओट्यावर बसली. अप्पांनी सात रेघा ओढल्या आणि तिच्या मानेवर हात ठेवला. त्यांच्या पंजात तिचं निम्मं डोकं मावत होतं. तिसऱ्या रेघेला ती म्हणाली, “उतरलं अप्पा,” आणि खरंच उतरलं होतं. दुसऱ्या दिवशीही उतरलं, तिसऱ्याही. उतरायचंच! तिचं डोकं उठल्यावर घटकाभरात रोजच उतरत होतं, आणि अप्पांची वेळही नेमकी तीच होती. पण हे कळायला डोकं थंड लागतं, आणि पोटच्या पोरीच्या बाबतीत कुणाचं डोकं थंड असतं?

मला मात्र थोडंसं कळलं होतं. अप्पा तूर घेऊन आळंदच्या बाजाराला गेले तेव्हा दोन दिवस घरी नव्हते. त्या दोन्ही सकाळी धाकटीचं दुखलं, ती ओकली आणि आपोआप उतरलं. मी मायला म्हणाले, “माय, अप्पा न्हाईत तरीबी उतरलं की हिचं.” माय चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, “कालचा हात हाय त्यांचा. पुरतंय दोन दिस.”

होळी झाली आणि दुखणं रेंगाळायला लागलं. आधी एका फेरीत उतरायचं ते दोन फेऱ्यांवर गेलं, मग तीनवर. सूर्य बाभळीच्या वर यायचा तरी अप्पा रेघा ओढत बसलेले आणि धाकटी आपली “उतरायलंय, उतरायलंय” म्हणत मान धरून. ऊन तापायचं. अप्पांचे ओठ कोरडे पडायचे. कधी कधी ती म्हणायची, “अप्पा, जावा तुमी, मग उतरंल.” मग अप्पा तसेच उपाशी शेतावर जायचे आणि ती दुपारी “उतरलं” म्हणाली की मी धावत बांधावर जाऊन सांगायचे. मगच ते पाणी प्यायचे. एका दिवशी मी पोचायच्या आत ते खळ्यावर चक्कर येऊन पडले. लोकांनी त्यांना घरी आणलं. शुद्धीवर आल्यावर मायने तांब्या पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं. “पोरगी काय म्हणायली?” एवढंच विचारलं. माय रडायला लागली. धाकटी दाराशी उभी राहून सगळं बघत होती.

त्या संध्याकाळी मी तिला कडब्याच्या गंजीमागे नेलं.

“हे बघ,” मी म्हणाले, “उद्या अप्पा ‘दिस दिसला का’ म्हणले की ‘दिसला’ म्हणायचं. ‘उतरलं का’ म्हणले की लगेच ‘उतरलं’ म्हणायचं. पहिल्याच रेघेला.”

“आन् न्हाई उतरलं तर?”

“तरीबी म्हणायचं.”

“कामून?”

“अप्पा उपाशी हायत म्हणून. मरतील की ते तुझ्या पायी.”

मी तिच्याकडून चार-पाच वेळा घोकून घेतलं. पुढे मी जन्मभर मास्तरकी केली, पोरांकडून खूप काही पाठ करून घेतलं. पण इतकं चटकन आणि इतकं पक्कं कुणी शिकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून धाकटीचं डोकं पहिल्या रेघेला उतरायला लागलं. अप्पांना समाधान झालं. मायने देवाला नारळ फोडला. आणि मला आपण फार शहाणपणाचं काम केलं असं वाटलं. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

उतरलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. अप्पा शेतावर गेले की ती मागच्या दारी जाऊन ओकायची. मी त्यावर राख टाकायचे. मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि दुपारपर्यंत जरा बरी व्हायची. मला वाटायचं, उतरतंय ना उशिरा का होईना. त्या वयात मला डोकेदुखीने कुणाचं काही बिघडतं हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे रोज डोकेदुखी येऊन बरी होऊन जात होती.

पुढचे दोन महिने मी रोज जे बघितलं ते आता क्रमाने सांगता येतं. तेव्हा क्रम लागला नव्हता. धाकटी मान एका खांद्याकडे कलती धरायला लागली. माय म्हणाली, झोपेत लचकली. मग ती पाय फाकून, झुलत चालायला लागली. भिंतीला हात लावल्याशिवाय अंगण ओलांडेना. पोरी तिच्यामागे तसंच झुलत चालून हसायच्या आणि तीही हसायची. मग ती ठेचाळायला लागली. पाणी देताना पेला धरायला हात पुढे करायची तो पेल्याच्या बाजूनेच जायचा. एकदा तिने कालवणाची वाटी कलंडवली तेव्हा मी ओरडले, “डोळे फुटले का तुझे?” आमच्याकडे उठता-बसता पोरांना असंच बोलतात, त्यात काही विशेष नाही. ती “न्हाई अक्का” म्हणाली आणि सांडलेलं कालवण बोटांनी चाचपून गोळा करायला लागली. मी तिच्या हातातून वाटी ओढून घेतली.

मग तो आषाढातला दिवस आला. रात्रभर भुरभुर चालू होती, सकाळी पाऊस थांबला होता, पण आभाळ गच्च. पूर्व कुठली नि पश्चिम कुठली हे गावात जन्मल्यामुळेच कळत होतं. दुसरं कुणी दुखणारं असतं तर अप्पांनी परत पाठवलं असतं, पण घरचीच पोर, म्हणून बसले. रेघा ओढल्या, मानेवर हात ठेवला. मग ढग फाटतोय का बघत बराच वेळ थांबले. मी उंबऱ्यात तांब्या-भाकरी घेऊन उभी होते.

धाकटीला वाटलं असावं, वेळ झाली. कुणी विचारलं नव्हतं तरी ती आपणहून म्हणाली, “दिसला अप्पा.”

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. “काय दिसला?”

“दिस.” आणि लगेच, “उतरलं.”

तिचं तोंड समोर आभाळाकडे होतं, डोळे टक्क उघडे. अप्पांनी विळा हळूच खाली ठेवला आणि आपला रिकामा पंजा तिच्या तोंडापुढे धरला. “माज्या हातात काय हाय?”

“इळा,” ती म्हणाली.

अप्पांनी हात तसाच धरून ठेवला. मग तो जवळ नेला, तिच्या पापण्यांना लागेपर्यंत नेला. तिच्या पापण्या हात लागल्यावर मिटल्या. अप्पा उठले आणि मायला म्हणाले, “चल, निघायचं हाय.” तांब्या माझ्याच हातात होता. मी तो पुढे केला. धाकटीने “उतरलं” म्हटलेलं होतं, नियमाप्रमाणे त्यांनी प्यायला हरकत नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तांब्या बाजूला सारला. त्या बघण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

गाडी जुंपून राजेश्वरला आलो आणि तिथून सडकेवरून मोटार धरली. वाटेत एका सरकारी दवाखान्यात डॉक्टरने डोळ्यांवर उजेड मारून बघितलं आणि हैदराबादला जायची चिठ्ठी दिली. लढाईमुळे मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. चढ आला की धापा टाकायची आणि लोकांना खाली उतरून ढकलायला लागायचं. धाकटी माझ्या मांडीवर आडवी होती. प्रत्येक खड्ड्याला ती “आई गं” म्हणायची आणि मग लगेच, अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात, “उतरायलंय.” अप्पांनी हैदराबाद येईपर्यंत पाणी घेतलं नाही.

मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरने तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि बारक्या दिव्याने तिच्या बाहुल्यांच्या आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

“कित्ते दिनां से सर दुखता?” त्यांनी विचारलं.

“छे महिने होतंय,” अप्पा आपल्या तोडक्या उर्दूत म्हणाले, “लेकिन उतरता था साहेब. रोज उतरता था.”

“कौन बोला उतरता था?”

“बच्ची बोली.”

मी माझ्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत उभी होते. उर्दू मला शाळेमुळे अप्पांपेक्षा चांगली यायची. त्या क्षणी मला एक वाक्य बोलता आलं असतं, ते मी बोलले नाही.

पुढचं बरंचसं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. धाकटीचे केस काढले. अप्पांनी कसल्याशा कागदावर मोडीत सही केली, ती सही खाली खाली घसरत गेली होती. सर्जनने तिच्या डोक्याची मागची बाजू उघडली. सकाळी आत नेलं ते दुपार कलल्यावर बाहेर आणलं. तेवढा वेळ अप्पा व्हरांड्यात पूर्वेकडे तोंड करून बसले होते. सवयच ती. कितीएक दिवस ती जगते की जाते हेच कळत नव्हतं. माय तिच्या पायाशी बसून फक्त तळवे चोळायची. मग एका सकाळी धाकटीने डोळे उघडले आणि म्हणाली, “माय, भूक लागली.” डोकं? डोकं दुखत नव्हतं. पण खोलीत उजेड होता आणि तिने विचारलं, “अजून उजाडलं न्हाई का?”

सर्जन म्हातारे, हळू बोलणारे होते. त्यांनी अप्पांना समजावलं. डोक्याच्या मागच्या भागात पाण्याची एक पिशवी झाली होती आणि तिच्या भिंतीला चिंचोक्याएवढी गाठ होती. ती काढली. “गाँठ शरीफ थी,” ते म्हणाले, “बदमाश नहीं. फैलती नहीं, दुबारा आने का डर भी कम. बस जगह गलत पकड़ ली.” मग म्हणाले, “दो महिने पहले लाते तो आँखां बच जाते थे.”

दोन महिने. मला आकडेमोड पटकन यायची. मी उलटं मोजत गेले आणि बरोबर कडब्याच्या गंजीमागे जाऊन पोचले.

पुढे मोठेपणी मी आमच्या नात्यातल्या एका डॉक्टरला सगळं खोदून खोदून विचारलं. डोक्यात पाणी सतत तयार होतं आणि वाहून जातं. गाठीने त्याची वाट अडवली की ते तुंबतं. रात्रभर आडवं झोपल्यावर दाब वाढतो, म्हणून लेकरू उठतानाच डोकं धरून उठतं, ओकतं आणि उठून बसल्यावर जरा हलकं होतं. दिवसभर खेळतं, म्हणून घरच्यांना वाटतं ढोंग करतंय, किंवा बरं झालं. कलती मान, झुलती चाल हे त्याच गाठीचं काम. आणि दाब फार दिवस राहिला की डोळ्यांच्या शिरा आतल्या आत सुजून मरतात. गाठ घातक असतेच असं नाही, साधीसुद्धा असते; पण कवटीच्या आत साध्या गाठीलाही जागा नसते. ऐकताना मला त्या डॉक्टरचा राग आला. इतकं सोपं होतं तर आमच्या गावात येऊन कुणी आधी सांगितलं का नाही?

घरी परत आलो तर दारात गर्दी. अप्पांच्या पोरीचं डोकं फोडलं तरी ती जगली, म्हणजे अप्पांच्या हातात केवढा गुण असला पाहिजे, असा गावाने अर्थ लावला होता. लोकांपुढे शहाणपण चालत नाही. अप्पा म्हणाले, “आता न्हाई उतरवत मी.” पण दूरदूरच्या गावांतून, पहाटे कोसकोस चालत आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं? चार-आठ दिवसांनी ते पुन्हा बसायला लागले. मात्र त्यांनी एक बदल केला. माणूस समोर येऊन बसला की अप्पा आधी मागे वळून तांब्या उचलायचे आणि त्याच्या देखत गटागटा पाणी प्यायचे. मग भाकरीचा चतकोर चटणीशी खायचे, अगदी सावकाश. हात धुवायचे. आणि मग विळा घ्यायचे.

लोक हबकले. पोट भरल्यावर दुखणं येणार कुठून? काहींनी तोंडावर विचारलं. अप्पा रेघ पुसून आता वेगळंच विचारायचे, “खरं सांग, उतरलं का?” आणि नाही म्हणणाऱ्याला दवाखान्याची वाट दाखवायचे. वर्षभरात लोक यायचे थांबले. गुण गेला, असं सगळे म्हणाले. अप्पांनी मला कधीही काही विचारलं नाही. पण पहिल्यांदा ते लोकांदेखत भाकरी खायला बसले तेव्हाच मला कळलं, धाकटी “उतरलं” का म्हणत होती हे त्यांनी ओळखलं होतं. तिला कुणी शिकवलं हे ओळखलं होतं की नाही, ते मात्र मला कळलं नाही. ते न कळणं मी चार वर्षं त्याच घरात, त्याच चुलीपुढे बसून सोसलं.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात माझं लग्न उरकलं. रझाकारांच्या भीतीने लोक पोरींची लग्नं लावून त्यांना हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे पाठवत होते. मलाही अक्कलकोटकडचं स्थळ बघितलं. मी सोळा वर्षांची झाले होते, धाकटी दहा सरून अकराव्यात. तिची मान सरळ झाली होती, चालही सुधारली होती. तुरीच्या डाळीतला खडा ती मायपेक्षा लवकर शोधायची, नुसत्या बोटांनी. माझ्या पाठवणीच्या आदल्या दिवशी दुपारी मायने आम्हा दोघींना शेजारी शेजारी वाढलं आणि ती पाहुण्यांकडे गेली.

मला घास जाईना. उद्यापासून हिला परसात कोण नेणार, केस कोण विंचरणार, हे मनात होतंच. पण त्याच्या खाली दुसरं होतं.

“अक्का,” धाकटी म्हणाली, “भाकरी मोडल्याचा आवाज न्हाई आला तुझ्या ताटातून.”

मग मी सांगून टाकलं. कडब्याची गंज, घोकंपट्टी, मागच्या दारची राख, दोन महिने, सगळं. सर्जन काय म्हणाले तेही. सांगताना मी रडले, आवाज न करता; पण तिच्यापासून ते लपवणं शक्य नव्हतं.

ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “तू शिकवायच्या आदीपासनंच म्हणायले की मी तसं. अप्पा सारखं मागं वळून तांब्याकडं बघायचे. मला दिसायचं तवा. त्यांना तहान लागली म्हणून मी आपणहूनच म्हणत होते. तुझं काय न्हाई त्यात.”

मी डोळे पुसले आणि आठवून बघितलं. मला आकडेमोड पटकन येते हा माझा शापच आहे. ती आधीपासून तसं म्हणत असती तर तीन-तीन फेऱ्या कशाला झाल्या असत्या? अप्पा खळ्यावर कशाला पडले असते? ताळा जुळत नव्हता. ती खोटं बोलत होती, आणि तितक्याच सफाईने, जितक्या सफाईने मी तिला शिकवलं होतं.

ती माझ्याकडे तोंड करून थांबली होती. तिच्या ताटातली भाकरीही अख्खीच होती. मी जेवल्याशिवाय ती घास घेणार नव्हती, सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

“उतरलं का?” तिने विचारलं.

“उतरलं,” मी म्हणाले.

तिने भाकरी मोडली.